घंटा, घड्याळ आणि बाल्कनी: फ्रान्समधले टाऊन हॉल असे का दिसतात

पॅरिसच्या मेट्रोत ‘ओतेल द व्हिल’ नावाचं एक स्टेशन आहे. आपल्याकडची माणसं स्पेलिंग वाचतात, त्यात हॉटेल दिसतं आणि वाटतं की इथे काहीतरी मोठं पंचतारांकित प्रकरण असणार. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. जिना चढून वर आले तर समोर राजवाड्यासारखी अवाढव्य इमारत, काळी उतरती छपरं, मधोमध घड्याळ आणि भिंतीभर माणसंच माणसं, म्हणजे दगडी पुतळे, एकेका कोनाड्यात एकेक. ही पॅरिसची महापालिका.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत हॉटेल म्हणजे मिसळ-चहाची जागा, इंग्रजीत रात्री उतरायची जागा, आणि जुन्या फ्रेंचमधे मोठा वाडा. सरदाराचा शहरातला वाडा तो ओतेल, जुनं धर्मादाय हॉस्पिटल म्हणजे ‘ओतेल द्यू’, देवाचा वाडा, आणि ज्या इमारतीतून शहराचा कारभार चालतो ती ओतेल द व्हिल, शहराचा वाडा. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल हे तिन्ही शब्द एकाच लॅटिन मुळातून आलेत. ‘शहराचा वाडा’ हे भाषांतर मला फार आवडतं, कारण या इमारतींचं सगळं मर्म त्यात येतं. राजाचा वाडा असतो, सरदाराचा असतो, तसा गावातल्या लोकांचा सगळ्यांचा मिळून एक वाडा.

छोट्या गावात याच इमारतीला ‘मेरी’ म्हणतात आणि तिथल्या प्रमुखाला ‘मेर’, म्हणजे आपला महापौर, नगराध्यक्ष आणि सरपंच सगळं एकात. आपल्यासारखी ग्रामपंचायत वेगळी, नगरपालिका वेगळी अशी भानगड तिकडे नाही, डिसेंबर 1789 च्या कायद्याने सरसकट सगळ्या गावा-शहरांना एकच साचा दिला, त्याला कम्यून म्हणतात. आजही फ्रान्समधे जवळपास 35,000 कम्यून आहेत, त्यातली कित्येक शंभर वस्तीची सुद्धा नाहीत, तरी प्रत्येकाला मेर आहे आणि बसायला मेरी आहे. म्हणजे टाऊन हॉल हा तिथे देशात सगळीकडे सापडणारा इमारतीचा प्रकार आहे, आणि एकदा का तो वाचायला जमला की कुठल्याही अनोळखी गावाच्या चौकात उभं राहून त्या गावाचा अर्धा इतिहास कळतो.

सुरुवात घंटेपासून करू, कारण खरी सुरुवात तिथूनच झाली.

मध्ययुगातल्या गावात उंच गोष्टी दोनच, चर्चचा मनोरा आणि सरदाराचा किल्ला. उंच म्हणजे सत्ता, इतकं ते सरळ होतं. अकराव्या-बाराव्या शतकात उत्तर फ्रान्समधे आणि शेजारच्या फ्लँडर्समधे (आज तो बराचसा बेल्जियममधे आहे) कापडाचा व्यापार वाढला, विणकर, रंगारी, व्यापारी यांच्या हातात पैसा आला आणि त्यांनी एकत्र शपथ घेऊन सरदाराकडून, बिशपकडून किंवा थेट राजाकडून सनद मिळवायला सुरुवात केली. कधी पैसे मोजून, कधी भांडून. सनदेत काय असायचं? आमचे कारभारी आम्ही निवडू, आमचे तंटे आम्ही सोडवू, कर ठरलेला असेल, वाटेल तेव्हा वाढवायचा नाही. आणि या सगळ्याची दिसणारी, ऐकू येणारी खूण म्हणून गावाने तिसरा मनोरा बांधायचा, त्याला म्हणतात बेफ्रवा. त्यात गावाची स्वतःची घंटा. सभा बोलवायची, आग लागलीय सांगायचं, शत्रू आलाय सांगायचं, कामाची सुरुवात आणि सुट्टी सांगायची, तर ती गावाची घंटा वाजणार, चर्चची नाही. मनोऱ्यात वर पहारेकरी, मधे कुलूपबंद पेटीत सनदा, आणि बऱ्याचदा तळाशी तुरुंग. एका मनोऱ्यात अख्खं गावचं सरकार!

ही घंटा किती महत्त्वाची होती बघा, गावाने बंड केलं आणि राजाला त्याला शिक्षा द्यायची असेल तर सनद रद्द व्हायची आणि घंटाच उतरवून नेली जायची. घंटा गेली म्हणजे गाव मुकं झालं. पुढे घंटेच्या जोडीला घड्याळ आलं, आणि म्हणूनच आजही फ्रान्समधल्या अगदी साध्या मेरीवर सुद्धा दर्शनी भागात वर बहुतेक वेळा घड्याळ असतं. त्याचा वंश थेट त्या बेफ्रवापर्यंत जातो. चर्चची वेळ प्रार्थनेची, गावाची वेळ कामाची.

यातले 23 फ्रेंच मनोरे 2005 साली युनेस्कोच्या जागतिक वारशात घेतले गेले, बेल्जियमचे 1999 पासून होतेच, आता दोन्ही देशांचे मिळून 56 आहेत. त्यातला उत्तर फ्रान्समधल्या आरास या गावचा मी तुम्हाला जरा नीट दाखवते. 75 मीटर उंच, बांधायला सुरुवात पंधराव्या शतकात, पूर्ण व्हायला सोळावं शतक अर्धं सरलं, म्हणजे जवळपास नव्वद वर्षं लागली, आणि सगळ्यात वर टोकावर सोन्यासारखा चमकणारा सिंह, हातात झेंडा घेऊन. पहिल्या महायुद्धात आरास अगदी आघाडीवर सापडलं, ऑक्टोबर 1914 मधे तोफांच्या माऱ्यात आधी टाऊन हॉल जळला आणि दोन आठवड्यांनी मनोरा कोसळला. नव्वद वर्षांचं काम, त्यावर साडेतीनशे वर्षांचं आयुष्य, आणि खाली फक्त दगडांचा ढीग.

युद्धानंतर गावाने काय केलं, तर पिएर पाके नावाच्या आर्किटेक्टकडून सगळं होतं तसं परत बांधून घेतलं. पण होतं तसं म्हणजे बाहेरून, आत सिमेंट काँक्रीटचा सांगाडा. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला काम पूर्ण झालं. म्हणजे आज आपण ज्या गॉथिक नक्षीकडे मान वर करून बघतो ती शंभर वर्षांची पण नाही. काही लोक म्हणतात मग हा खरा वारसा कसा? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, आणि माझं उत्तर असं आहे की आरासच्या लोकांनी जपलं ते आपलं आकाशातलं चित्र, गावात येताना लांबून दिसणारी ती रेघ. दगड बदलले, मनोऱ्याची जागा आणि त्याचं काम तेच राहिलं. युनेस्कोने तो यादीत घेतला, आणि 2015 मधे टीव्हीवरच्या मतदानात फ्रेंच लोकांनी त्याला देशातलं सगळ्यात आवडतं स्मारक म्हणून निवडलं.

तिथून थोडं वर लील शहर, त्यांचाही टाऊन हॉल पहिल्या महायुद्धात जळला, पण त्यांनी अगदी उलट केलं. एमिल द्युबुइसाँ या आर्किटेक्टने नवीन इमारत बांधली आणि मनोरा 104 मीटर उंच, पूर्ण काँक्रीटचा, 1932 मधला. पायथ्याशी दोन राक्षसी आकाराचे पुतळे, लिदेरिक आणि फिनार्ट, लीलच्या स्थापनेच्या दंतकथेतले. म्हणजे तंत्र विसाव्या शतकातलं, दंतकथा मध्ययुगातली, आणि मनोऱ्याचा हट्ट सातशे-आठशे वर्षं जुना. कॅलेचा टाऊन हॉल पण त्याच काळातला, लाल विटांचा, 75 मीटरच्या मनोऱ्याचा, आणि त्याच्या समोर रोदँचं ते प्रसिद्ध शिल्प आहे, 1347 च्या वेढ्यात शहर वाचवायला गळ्यात दोर घालून इंग्लंडच्या राजासमोर गेलेले सहा नागरिक. त्यांची खरी जागा टाऊन हॉलच्या समोरच आहे, दुसरीकडे कुठे नाही, असं मला तरी वाटतं.

दक्षिणेत गोष्ट वेगळी. तुलूझमधे टाऊन हॉलला ‘कापितोल’ म्हणतात, कारण तिथले नगरकारभारी होते ‘कापितूल’. बाराव्या शतकापासून त्यांची जागा तीच. आत्ताचा दर्शनी भाग 1750 ते 1760 मधला, गियोम कामास याचं काम, सव्वाशे मीटरहून लांब, गुलाबी विटांची भिंत आणि मधोमध लालसर संगमरवराचे आठ खांब. आठच का, तर शहराचे कापितूल आठ होते! खांब मोजा, सरकार मोजलं. आपल्या देवळात खांबावर दात्यांची नावं कोरतात ना, इथे नाव न कोरता आकड्यानेच सांगितलंय. या कापितूलांची अजून एक पद्धत होती, दरवर्षी शहराच्या वहीत वर्षभराच्या घडामोडी लिहायच्या आणि त्या वर्षीच्या कापितूलांची रंगीत चित्रं काढून घ्यायची, तेराव्या शतकाच्या अखेरीपासून. 1789 नंतरच्या फ्रेंच क्रांतीच्या काळात त्यातली बरीच पानं फाडून जाळली, कारण तोवर हे कापितूल सरदारांसारखेच वागायला लागले होते, पद मिळालं की घराण्याला सरदारकी मिळायची. लोकांचा वाडा हळूहळू थोरामोठ्यांचा कसा होतो ते इथे दिसतं.

सतराव्या-अठराव्या शतकात एकूणच राजाचं वजन वाढलं आणि टाऊन हॉल राजाच्या दरबारासारखे दिसायला लागले. ल्योंचा 1646 पासून बांधलेला, सिमों मोपँ याने, मग आग लागली आणि व्हर्सायच्या राजवाड्यावर काम केलेल्या मांसार या आर्किटेक्टच्या हाताने नव्याने सजला. नान्सीचा तर अख्ख्या चौकाचा एक भाग आहे, 1752 ते 1755, आर्किटेक्ट एरे, सोनेरी मुलाम्याची लोखंडी दारं जाँ लामूरची, आणि चौकाच्या मधे तेव्हा पुतळा होता पंधराव्या लुईचा. सुंदर आहे, खूपच सुंदर आहे, युनेस्कोत 1983 पासून आहे, पण त्यात बोलतोय राजा, गाव नाही. त्यामुळे मी यावर जास्त वेळ घालवत नाही.

आता पॅरिस. 1357 मधे एतिएन मार्सेल नावाच्या व्यापाऱ्यांच्या प्रमुखाने सीन नदीकाठच्या ‘प्लास द ग्रेव्ह’ चौकात ‘खांबांचं घर’ म्हणून एक इमारत शहरासाठी विकत घेतली, तेव्हापासून जागा तीच. ग्रेव्ह म्हणजे रेताड किनारा, होड्यांमधून माल इथे उतरायचा. पॅरिसच्या चिन्हात जहाज आहे ते या नदीवरच्या व्यापाऱ्यांमुळेच. पुढे काम शोधणारे मजूर या चौकात येऊन थांबायचे, आणि आज फ्रेंचमधे संपाला जो ‘ग्रेव्ह’ शब्द आहे तो या चौकातूनच आला. एका बाजूला कारभाऱ्यांचं घर, समोर कामाची वाट बघणारे लोक, आणि त्याच चौकात जाहीर फाशी. गिलोटिन पहिल्यांदा वापरली गेली ती पण इथेच, एप्रिल 1792 मधे.

1533 मधे पहिल्या फ्रान्स्वा राजाने जुनं घर पाडून मोठी इमारत बांधायला घेतली, इटालियन आर्किटेक्ट बोकादोर, आणि काम पूर्ण झालं 1628 मधे. मग 1830, 1848, 1870, प्रत्येक क्रांतीत जमाव धावत आला तो याच इमारतीकडे. 4 सप्टेंबर 1870 ला प्रजासत्ताकाची घोषणा झाली ती इथे. कारण साधं आहे, राजवाडा ताब्यात घेतला तर राजा गेला एवढंच होतं, पण शहराचा वाडा ताब्यात आला तर ‘आता आम्ही लोक बोलतोय’ असं म्हणता येतं. बाल्कनीचं काम तेच, कोणीतरी आतून बाहेर येऊन चौकातल्या माणसांना काहीतरी सांगणार. बाल्कनी आणि चौक ही जोडी आहे, एक नसेल तर दुसऱ्याला अर्थ नाही.

24 मे 1871 ला पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे त्या वर्षी शहर ताब्यात घेतलेल्या बंडखोर सरकारच्या, शेवटच्या आठवड्यात, सरकारी फौजा शहरात घुसल्यावर माघार घेणाऱ्या कम्यूनवाल्यांनी इमारत पेटवली. इमारतीचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं नुकसान कागदांचं. पॅरिसकरांच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी दोन प्रतींत ठेवलेल्या होत्या, एक शहराकडे आणि एक न्यायालयाच्या इमारतीत, अगदी शहाणपणाने दोन ठिकाणी. आणि दोन्ही प्रती एकाच दिवशी जळाल्या. 1860 च्या आधीच्या जवळपास 80 लाख नोंदी गेल्या. विचार करा, लाखो माणसांकडे आपण कुणाचे, कधी जन्मलो, लग्न झालंय की नाही याचा सरकारी पुरावाच नाही. मग वर्षानुवर्षं एक कमिशन बसलं, लोकांनी घरातले जुने दाखले, चर्चच्या नोंदी, नोटरीचे कागद आणून दिले, आणि त्यातून साधारण एक तृतीयांश नोंदी परत उभ्या राहिल्या. आजही ज्यांचे पूर्वज पॅरिसचे होते त्यांना वंशावळ शोधताना 1860 च्या पलीकडे गेलं की हे भोक लागतं. टाऊन हॉलचा वारसा म्हणजे नुसतं दगड-चुना नाही हे मला या प्रसंगावरून पहिल्यांदा नीट कळलं.

इमारत 1874 ते 1882 मधे परत बांधली, बाल्यु आणि देपेर्त या दोघांनी. मधला भाग जुन्या बोकादोरच्या धर्तीवर, बाकी जास्त मोठं. आणि आता ते पुतळे: चित्रकार, लेखक, शास्त्रज्ञ, शहराचे कारभारी, पॅरिसशी नाळ असलेली शंभराच्या वर माणसं. राजांच्या रांगा कॅथेड्रलवर असतात, इथे शहराने आपली माणसं लावली. त्यातला गणितज्ञ दालाँबेरचा पुतळा रोदँने केलाय, तेव्हा तो फारसा कोणाला माहीतही नव्हता. एक गोष्ट मात्र विसंगत, एवढा मोठा वाडा बांधला पण शहराला निवडून आलेला मेर काही मिळाला नाही, सरकारला या शहराची इतकी भीती की 1871 पासून थेट 1977 पर्यंत पॅरिसला मेरच नव्हता, 1977 ला जाक शिराक पहिला. ऑगस्ट 1944 मधे शहर जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झाल्यावर फ्रेंच नेता जनरल द गॉल बोलायला आला तोही इथेच.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त जीव लावला तो खेड्यातल्या मेरीने. तिथे नाव घेण्यासारखा आर्किटेक्ट नसतो. 1833 च्या कायद्याने प्रत्येक कम्यूनने मुलांची शाळा चालवायची असं ठरलं, 1881-82 मधे शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि मेरीसाठी जागा, स्वतःची नाहीतर भाड्याची, हा खर्चही कायद्याने बंधनकारक. गरीब गावाने दोन इमारती कशा बांधायच्या? मग एकच बांधली, त्याला ‘मेरी-एकोल’ म्हणतात. मधोमध मेरी, वर घड्याळ, खाली झेंडा, एका बाजूला मुलांचा वर्ग, दुसऱ्या बाजूला मुलींचा, दोन वेगळी दारं, आणि वर किंवा मागे मास्तरांचं घर. मास्तरच बहुतेक वेळा मेरीचे सचिव, सकाळी पाढे आणि संध्याकाळी जन्म-मृत्यूच्या नोंदी. आणि इमारतीची जागा पुष्कळ ठिकाणी बरोबर चर्चच्या समोर. तेव्हा प्रजासत्ताकवाले आणि चर्च यांचं भांडण किती टोकाला गेलं होतं ते त्या दोन समोरासमोरच्या दारांतून दिसतं, 1905 मधे तर कायद्यानेच दोघांची फारकत झाली. 1880 पासून दर्शनी भिंतीवर ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ ही तीन शब्दांची ओळ आली. तीच आपल्या संविधानाच्या सरनाम्यातही आहे, त्यामुळे एखाद्या धुळकट खेड्यात ती वाचताना आपल्या माणसाला काहीतरी आतून हलतंच.

माझ्या मामेबहिणीचं लग्न अशाच एका छोट्या गावातल्या मेरीत झालं. तिकडे कायद्याने लग्न फक्त मेरीतच होतं, 1792 पासून, चर्चमधे किंवा देवासमोर जे करायचं ते नंतर आपल्या समाधानासाठी. पहिल्या मजल्यावर लग्नाचा हॉल, म्हणजे एरवी नगरपरिषदेची सभा भरते तीच खोली. कोपऱ्यात मारिआनचा अर्धपुतळा, प्रजासत्ताकाचं स्त्रीरूप, तो ठेवायची कायद्याने सक्ती नाही पण प्रथा इतकी पक्की की जवळपास सगळीकडे असतो. मेरबाईंनी तिरंगी पट्टा घातला, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला, निळा रंग गळ्याजवळ आणि खाली सोनेरी गोंडे, खासदार घालतात तेव्हा लाल रंग गळ्याजवळ घेतात, एवढासा फरक पण ठरलेला. मग त्यांनी नागरी कायद्याची कलमं मोठ्याने वाचली, एकमेकांचा आदर, निष्ठा, मदत वगैरे. आणि सगळं चालू असताना हॉलचं दार सताड उघडं. थंडी येत होती म्हणून मामाने उठून लोटायला घेतलं तर तिथल्या कर्मचाऱ्याने धावत येऊन थांबवलं, दार उघडं ठेवणं हा नियम आहे, कारण लग्न जाहीर असलं पाहिजे, ज्याला हरकत असेल त्याला आत येता आलं पाहिजे. मामा मग कोट अंगावर ओढून बसले. त्या मोठ्या जिन्याचा आणि रुंद दारांचा अर्थ मला तेव्हा कळला, मिरवणुकीला जागा हवी असते आणि कोणालाही आत यायला वाट हवी असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर काय झालं ते ल आव्रमधे बघावं. सप्टेंबर 1944 मधल्या बॉम्बहल्ल्यात शहराचा मधला भाग सपाट झाला, 80,000 माणसं बेघर. ओग्युस्त पेरे या काँक्रीटच्या उस्तादाने नवीन शहर आखलं, सगळीकडे 6.24 मीटरच्या चौकटीचं एकच माप, आणि मधे टाऊन हॉल, लांब आडवा आणि शेजारी सुमारे 70 मीटरचा मनोरा, परत मनोरा! 1958 मधे तो सुरू झाला. कित्येक वर्षं लोक या शहराला राखाडी, रुक्ष म्हणायचे, 2005 मधे युनेस्कोने ते यादीत घेतलं. त्या काँक्रीटला हात लावून बघा, कुठे खडी मुद्दाम उघडी ठेवलीय, कुठे गुळगुळीत, रंगही वेगवेगळे, पेरे काँक्रीटला दगडाइतकाच मान द्यायचा.

या इमारती जिवंत आहेत आणि त्याची किंमतही त्यांना मोजावी लागते. बोर्दोचा टाऊन हॉल अठराव्या शतकातल्या आर्चबिशपच्या महालात आहे, मार्च 2023 मधे पेन्शनच्या आंदोलनात त्याचं मोठं लाकडी दार पेटवलं गेलं, आणि त्याच वर्षीच्या जून-जुलैच्या दंगलीत बऱ्याच गावांच्या मेऱ्यांवर हल्ले झाले. मला ते बघवलं नाही. पण प्लास द ग्रेव्हचा इतिहास माहीत असला की एवढं तरी समजतं की लोक रागावतात तेव्हा इथेच का येतात.

बघायचं असेल तर सप्टेंबरमधला तिसरा शनिवार-रविवार धरा. 1984 पासून तेव्हा वारसा दिवस साजरा करतात आणि एरवी बंद असलेले सभागृह, जिने, कधी कधी मेरचं ऑफिससुद्धा बघायला मिळतं. फ्रान्सला जाणं जमणार नसेल तर पुदुच्चेरीत समुद्रासमोर एक मेरी आहे, 1870 च्या सुमाराची, फ्रेंच राजवटीतली. नोव्हेंबर 2014 च्या मुसळधार पावसात ती अख्खी कोसळली, आणि मग जुने फोटो-नकाशे समोर ठेवून परत तशीच बांधली, 2021 मधे उद्घाटन झालं. आरासचीच गोष्ट, फक्त तिकडे तोफा होत्या आणि इकडे पाऊस. गेलात तर सकाळी लवकर जा, उन्हात खांबांच्या सावल्या व्हरांड्यात लांब पडतात, आणि समोर समुद्र.